खोली कोण सोडतंय?

भाईंदर ईस्टला कुणी खोली सोडणार असेल ना, तर ते घरमालकाच्या आधी आमच्या मिस्टरांना कळतं. खोटं नाही सांगत. माणूस आधी टेम्पोवाल्याला विचारतो, "वाल्मिकभाई, पुढच्या रविवारी मोकळे आहात का?" मालकाला सांगणं, एजंटला फोन करणं, हे सगळं त्याच्यानंतर. वाल्मिक खिल्लारे म्हणजे माझा नवरा, आणि त्याचा टेम्पो म्हणजे माझी सवत. वीस वर्षं हा माणूस मीरा रोडपासून उत्तनपर्यंत लोकांची घरं उचलून इकडची तिकडे ठेवतोय. लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावरून एकटा उतरवेल, पण घरात चहाचा कप मोरीत नेऊन ठेवायचा म्हटलं की ह्यांची कंबर धरते.

मी पंचशीला. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगला जाते आणि माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आम्ही परभणीकडचे, जिंतूर तालुक्यातले. लग्नानंतर इथे आलो तेव्हा भाड्याच्या खोलीसाठी अकरा दारं फिरलो. अकरा! मी मोजलीयत. खोली दाखवायचे, नळ सोडून दाखवायचे, मग हसून विचारायचे, "आडनाव काय म्हणालात?" आडनाव सांगितलं की नेमका त्याच खोलीत राहायला पुतण्या येणार असायचा. बाई गं, किती ते पुतणे एकेकाला!

बारावं दार जाईबाईंचं. नवघर गावातलं जुनं आगऱ्यांचं घर आणि मागे पत्र्याच्या दोन खोल्या. त्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी आपली आडनावाची वाट बघत जीव मुठीत धरून उभी. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "पानी सकाली सा वाजता येतं. उठशील ना?" एवढंच. मी "उठेन" म्हटलं आणि तिथेच रडायला लागले. "रडतंस कनाला? अर्धा तास येतं, पुरतं पानी," म्हणाल्या. त्या खोलीत आमची एकोणीस वर्षं गेली. साक्षी तिथेच जन्मली, आता नाशिकला नर्सिंग शिकतेय.

तर ही झाली आमची गोष्ट. आता ओसरीची.

मीरा रोडला 'ओसरी' नावाची एक छोटी संस्था आहे. लढाई, मारामारी, धमक्या ह्यांच्यातून आपला देश सोडून आलेल्या माणसांना ती राहायला जागा देते, कागदपत्रं करून देते, मुलांना शाळेत घालते. नीलिमाताई चालवतात. दादरच्या शाळेत बाई होत्या, रिटायर होऊन इकडे आल्या आणि स्वस्थ बसवेना. चार-साडेचार वर्षांपूर्वी त्यांनी ह्यांना बोलावलं, एका कुटुंबाचं सामान हलवायचंय म्हणून. हे गेले दोर, गोण्या, पुठ्ठे घेऊन. तर कुटुंब म्हणजे काबूलची एक बाई, तिची अकरा वर्षांची मुलगी आणि एक बॅग. दोर सोडायची वेळच आली नाही. घरी आले, जेवता जेवता म्हणाले, "पंचशीला, अख्खं घर एका बॅगेत गं." तेव्हापासून कुठे खोली रिकामी होतेय असं दिसलं की पहिला फोन नीलिमाताईंना. ओसरीतली किती तरी कुटुंबं ह्यांच्या त्या फोनमुळे मार्गी लागलीयत, आणि हे कुणाला सांगतसुद्धा नाहीत. मीच सांगते सगळ्यांना.

ती बाई म्हणजे झरमिना. शिवणकाम करते, हात असा की ब्लाउज बघत राहावा. मुलगी निलोफर, यंदा दहावीला. माझ्याकडे मराठीचे निबंध तपासायला यायची आणि मला 'काकू' म्हणायची. मी कसले तपासणार? माझ्यापेक्षा तीच शुद्ध लिहायची.

आणि ह्या जानेवारीत ओसरीची इमारत पाडायची ठरली. नवीन बांधणार. पंधरा फेब्रुवारीच्या रविवारी सगळ्यांनी चाव्या द्यायच्या. बाकीच्यांची सोय झाली, राहिल्या ह्या दोघी. खोली नाही मिळाली तर दिल्लीला झरमिनाच्या मावसबहिणीकडे जायचं. आणि वीस तारखेला, शुक्रवारी, निलोफरचा दहावीचा पहिला पेपर! हॉलतिकीट हातात आलेलं. वर्षभर त्या पोरीने डोकं वर काढलं नव्हतं.

मग आमच्या मिस्टरांच्या अंगात आलं. जेवण नाही, झोप नाही, कानाला फोन. "कोण सोडतंय? कधी सोडतंय? मालक कोण?" गोडदेवला एक मिळाली, काशीमिऱ्याला दोन, नवघर रोडला एक. खोली दाखवायचे, नळ सोडून दाखवायचे, मग हसून विचारायचे, "कुठल्या देशाच्या म्हणालात?" मग तोच तो पुतण्या. एकोणीस वर्षांनीसुद्धा ह्या पुतण्याला राहायला जागा मिळाली नव्हती!

चाव्या द्यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, इंद्रलोकच्या बाजूला एका मालकाने फोनवर हो म्हटलं. फोनवर बरं का, हातात कागद नाही! आणि ह्या माणसाने काय करावं? ह्यांचा एक जुना हेका आहे: सामान एकदा टेम्पोत चढलं की मालकाला नाही म्हणता येत नाही. तडक मीरा रोडला गेले, त्या दोघींचं सामान चढवलं, ओसरीची चावी नीलिमाताईंच्या हातात देऊन मोकळे झाले आणि टेम्पो त्या बिल्डिंगीच्या गेटवर उभा केला. सोसायटीचे दोघे खाली आले आणि टेम्पो आत येऊ देईनात. मालक वरून गॅलरीतून बघत राहिला, उतरलाच नाही. नाही म्हणता येत नाही म्हणे! त्याने तर तोंड उघडायचेही कष्ट घेतले नाहीत.

दुपारी दोनला टेम्पो आमच्या खोलीपुढे. नीलिमाताई पुढे बसलेल्या, चेहरा पांढराफटक. मागे शिलाई मशीन, दोन गाद्या, भांड्यांचा टब. झरमिना टबाला धरून बसलेली आणि निलोफर गादीवर भूगोल उघडून. नुसता उघडलेला, पान काही उलटत नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. ह्यांना आत ओढलं आणि जी सुरुवात केली! "अक्कल गहाण ठेवलीय का? चावी परत करून बसलात! अख्ख्या भाईंदरात कोण खोली सोडतंय हे तुम्हाला पाठ, आणि एक खोली मिळू नये? बघा ना, बघा नीट, कोण सोडतंय खोली!"

असं ओरडत मी मागे हात केला आणि हात खोक्यांच्या थप्पीवर आपटला. माझीच खोकी. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, '१४ एप्रिल'.

मी वळून तारीख वाचली. हेसुद्धा खोक्यांकडे बघत राहिले.

आता खरं सांगते. नवघर रोडच्या नव्या बिल्डिंगीत आम्ही वन-रूम-किचन घेतलंय. आमचं स्वतःचं! जानेवारीत चावी मिळाली. बाबासाहेबांच्या जयंतीलाच पहिलं पाऊल टाकायचं, पांढरी साडी नेसून, खीर करून, जिंतूरहून सगळ्यांना बोलावून, हे मी ठरवलं होतं आणि त्या दिवसासाठी एकोणीस वर्षं थांबले होते. घरात अजून पंखे नव्हते, ओट्याचं काम अर्धवट, रंगाचा वास. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? मीच का? दोन महिन्यांवर आलेला माझा दिवस मीच का सोडायचा? आलं मनात, लपवत नाही. हे एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले असते आणि कदाचित तिथेच अडून बसले असते.

दारात निलोफर आली. "काकू, दिल्लीच्या गाडीचं तिकीट आजच काढावं लागेल का?" रडत नव्हती. नीट, शुद्ध मराठीत विचारत होती.

"कसलं तिकीट? भूगोल कर!" मी खेकसले. "आणि तुम्ही काय पुतळ्यासारखे उभे? त्यांचं सामान खाली घ्या आणि आधी आपलं चढवा. चला!"

ह्यांचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू! लग्नातसुद्धा एवढे हसले नव्हते. पण अजून खरी बाब बाकी होती. खोली थोडीच आमची होती? ती जाईबाईंची.

आम्ही सगळे ओट्यापाशी गेलो. जाईबाई आता ऐंशीच्या पुढे, नजर मंदावलीय, पण वाल सोलणं सुटलेलं नाही. नीलिमाताईंनी सगळं सांगितलं. अफगाणिस्तान, कागद, पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती देणं, सगळं. जाईबाई सोलत राहिल्या. एवढी तर मी माझ्या खोलीच्या वेळीही घाबरले नव्हते. म्हातारीची सून दारात येऊन उभी, कपाळाला आठ्या. झरमिनाने ओढणी घट्ट धरलेली. ह्यांच्या हातात दोर, त्याला ते उगाच गाठी मारत होते.

जाईबाईंनी मान वर केली. झरमिनाला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"पानी सकाली सा वाजता येतं. उठशील ना?"

निलोफर आईच्या कानात सांगायला वाकली, पण झरमिनाला कळलं होतं. "माँजी, मैं तो पाँच बजे उठती हूँ. नमाज के लिए."

"मंग बरा हाय," जाईबाई म्हणाल्या आणि पुन्हा शेंगांकडे वळल्या. "माजा बी हंडा भर. ही पंचशीला गेली का मना कोन भरनार?"

त्याच दुपारी एकाच टेम्पोने दोन घरं हलली. लोकांची कपाटं दोन गाठींत आवळणाऱ्या माझ्या नवऱ्याला स्वतःच्या घराची चार खोकी बांधता येईनात. शेवटी दोर मी बांधला. पाण्याचा पाइप आणि हंडा मात्र मी नेले नाहीत. ते झरमिनाच्या हातात दिले आणि नळ कुठल्या बाजूला घट्ट आहे तेही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. नव्या घरात गादी जमिनीवर, पंखा नाही, कपड्यांना रंगाचा वास. सवयीने सहाच्या आधीच जाग आली. इथे नळ केव्हाही सोडा, पाणी येतं. करायला काहीच नाही. मी नुसतीच बसून राहिले आणि कसंसंच वाटायला लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. निलोफर. आवाज नुसता उड्या मारत होता.

"काकू, पाणी आलं!"

"अगं मग मला काय सांगतेस?" मी ओरडले, आणि डोळे पुसले. "फोन ठेव आणि आधी जाईबाईंचा हंडा लाव!"