आत्याच्या नावापुढची सपाट रेघ

हॉस्पिटलातल्या मशिनी दुरुस्त करणाऱ्या खटपट्याच्या हातात पेचकस आला की त्याला तहानभूक सुचत नसे. काय बदललं याची नोंद करणं मात्र जिवावर येई. त्या दिवशी त्यानं तिथंच दाखल असलेल्या आपल्या आत्याच्या खाटेजवळचं नाडी दाखवणारं बिघडलेलं मशीन बदललं आणि जुनं खाली आपल्या खोलीत नेऊन नेटवर्कला जोडून चालू केलं. तेवढ्यात वरून सिस्टरचा फोन आला, "धावा! माझ्या टेबलावरच्या पडद्यावर तुमच्या आत्याची नाडी थांबलीय!"

तो पेचकस टाकून धावला. जिना कसा चढला, देव जाणे. वर आत्या डॉक्टरांचे हात झटकत कडाडत होती, "छाती कसली दाबताय? घास तरी घशाखाली जाऊ द्या!"

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. प्रत्येक मशिनीच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच नंबर मिळतो. सॉफ्टवेअर खाट ओळखत नाही, तो नंबर ओळखतं. आणि त्यानं नोंद न बदलल्यानं आत्याच्या नावापुढं जुनाच नंबर राहिला होता. खाली कुणालाच न जोडलेल्या मशिनीची सपाट रेघ आत्याची म्हणून दिसत होती.

"जिवंत आहे ना मी? मग एवढा घाबरलास कशाला?" आत्या म्हणाली.

"आत्या, ते मशीन मी दुसऱ्या कुणाला लावलं असतं," तो म्हणाला, "तर तू गेल्यावरही तुझी नाडी चालूच दिसली असती."