निजाम मिस्त्रीचं मोहाचं तेल

जव्हारात कुलूप अडलं, छत्री मोडली, शिवणयंत्र रुसलं की लोक निजाम मिस्त्रीकडे जात. संस्थानाच्या बंदुकाही त्याच्याकडेच येत. माणूस हुन्नरी, पण हट्टी. यंत्र कधी चुकत नाही, चुकतो तो माणूस, हे त्याचं ठाम मत आणि मोहाच्या बियांचं तेल हा त्याचा सगळ्यावरचा उतारा. विलायती तेलाला तो नाक मुरडायचा. शिकारखान्यात बोल्टची, म्हणजे खटका मागे ओढून काडतूस भरायची, नवी रायफल आली, तेव्हा तिच्या पोटातही त्यानं तेच घातलं, आणि ते कुणाला सांगितलं नाही. उस्तादाची गुपितं असतात.

रायफल दिली होती वरच्या थंड डोंगरातल्या सूर्यमाळच्या लाडक्याला. तो संस्थानाचा शिकारी, नेम असा की कारभारीसुद्धा गप्प बसत. पौषात तिथे बिबट्यानं तीन वासरं नेली. लाडक्या पहाटे दबा धरून बसला, बिबट्या वीस पावलांवर येताच त्यानं चाप ओढला आणि नुसतं 'टक' झालं. आठ दिवसांनी पुन्हा तेच.

दोन्ही वेळा रायफल जव्हारला आली, निजामनं भर दुपारी मडकं ठेवून बार काढला आणि मडक्याच्या खापऱ्या झाल्या. कारभाऱ्यांनी निकाल दिला, लाडक्याचा हात गेला, पितो मेला, रायफल काढून घ्या. निजामनंही मान डोलावली, हात थरथरत असेल म्हणाला. वर, खात्री करायला मी स्वतः जातो, अशी फुशारकी मारली.

तो सूर्यमाळला मुक्कामाला गेला. पहाटे थंडीनं दात वाजत होते. समोर दगड ठेवून त्यानं स्वतः चाप ओढला.

'टक.'

काडतूस काढून पाहिलं तर बुडावर, जिथे आदळून सुई बार उडवते तिथे, तिचा ठसा जेमतेम उमटलेला. सुई वेगानं पुढे गेलीच नव्हती. तेवढ्यात लाडक्याची बायको हिरी चुलीजवळ मोहाच्या तेलाचं मडकं शेकताना दिसली. आतलं तेल तुपासारखं थिजलं होतं. निजामनं घाईघाईनं बोल्ट उघडला. स्प्रिंगभोवती तीच पांढरी साय होती. जव्हारच्या उन्हात ती पातळ व्हायची आणि सूर्यमाळच्या पहाटे सुईला धरून बसायची.

रॉकेलनं धुऊन टाकलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तसा विचार त्याच्या मनात आला, हे त्यानंच पुढे सांगितलं, आणि सांगताना त्याला लाज वाटत होती. मात्र त्याच दिवशी तो लाडक्याला घेऊन कचेरीत गेला आणि चारचौघांत म्हणाला, "हात शाबूत आहे. तेल माझं होतं."

कारभाऱ्यांनी मिस्त्रीची यथेच्छ खरडपट्टी काढली आणि रायफल लाडक्याकडेच ठेवली. बाहेर आल्यावर निजामला वाटलं, आता हा खूश होईल. लाडक्यानं रायफल खांद्याला अडकवली. मग म्हणाला, "कारभारी बोलला त्याचा मला काय नाय, तो मला वळखत नाय. तू तं वळखतोस ना, निजामभाय?"

माझं चुकलं, एवढंच निजाम म्हणाला.