लंकाबाईच्या ट्रंकेतले खण

निफाडात धोंडीरामअण्णांना वाईट म्हणणारा माणूस शोधून सापडला नसता. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी लोकांचे मोडते संसार सांधायचं काम अंगावर घेतलं. दारुड्याला उपचाराला न्यायचं, विधवेचं पेन्शन चालू करून द्यायचं, द्राक्षबागेत छाटणीला आलेल्या मजुराचं पोर तापलं तर मोटरसायकलवर घालून दवाखाना गाठायचा. आणि दर गुरुवारी ओट्यावर नवरा-बायकोंची भांडणं. अण्णा दोन्ही बाजू ऐकायचे, नवऱ्याला चारचौघांत झापायचे, कान धरायला लावायचे आणि बाईला परत धाडायचे. नोकरी संपली तरी परतीचं तिकीट फाडायची सवय काही सुटली नव्हती.

या सगळ्यांच्या चहा-भाकरीत पिचायची ती त्यांची बायको, लंकाबाई. परत जाणाऱ्या बाईची ओटीही तीच भरायची. हे घर तुझं माहेर, असं अण्णा प्रत्येकीला सांगायचे, आणि माहेरची ओटी भरल्याशिवाय लेकीला कसं पाठवायचं? म्हणून ट्रंकेत खणांची चवड कायम तयार. लंकाबाईला या कामाचा अभिमान होता, खोटं कशाला बोला. पेठकडची मैना तिसऱ्यांदा आली तेव्हा तिचा एक हात प्लास्टरमध्ये होता. पदर धरता येईना, तर लंकाबाईनंच तो खोचून दिला आणि ओटी भरली. चौथ्यांदा मैना आलीच नाही. अण्णा म्हणाले, बघ, नांदतेय. लंकाबाईनं ते मानून घेतलं, कारण मानणं सोपं होतं.

मग एका सोमवारी तेजस्विनी आली. यांची एकुलती लेक, चांदवडला दिलेली. भुवईवर टाके होते. नवरा, मनोज, पट्ट्यानं मारतो, मी आता जाणार नाही, असं तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. लंकाबाईनं तिला जेवू घातलं, डोक्याला तेल लावलं आणि मनात ठरवून टाकलं की पोरीला ठेवून घ्यायचं.

अण्णांनी मनोजला गुरुवारी बोलावलं. इतरांसारखंच दोघांना ओट्यावर बसवलं. आपल्या पोरीलाही वेगळा न्याय नाही, याचं त्यांना केवढं समाधान. मनोजनं कान धरले, माफी मागितली. ओट्यावरची माणसं वाहवा करत होती. अण्णा आत येऊन ओटी भर म्हणाले. चार महिने तरी राहू द्या, असं लंकाबाई कशीबशी बोलली.

"दुसऱ्यांच्या लेकी परत धाडायच्या आणि आपली घरात ठेवायची?" अण्णा म्हणाले. "उद्या या ओट्यावर कोण चढेल?"

ते बाहेर गेले. तेजस्विनीनं आईचा हात धरला.

"आई, त्यांचं जाऊ दे. तू फक्त नाय म्हण. मी जात नाय."

लंकाबाईला नाही म्हणता आलं नाही. बाहेर माणसं बसली होती, चहा उतू चालला होता, आणि इतक्या वर्षांत तिनं कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

"पदर पुढं कर, बाई," ती म्हणाली.

त्यानंतर लेकीचा फोन आला नाही. लंकाबाईनं केला तर लागायचा नाही. सात महिन्यांनी, गुरुवारीच, नाशिकच्या एका महिला आश्रमातून अण्णांना फोन आला. एक बाई सासरहून पळून आलीय, माहेर नाही म्हणते. तुमचं नाव ऐकलंय, मध्यस्थी कराल का? अण्णांनी नाव विचारलं. मग फोन खाली ठेवला, लंकाबाईला कोण ते सांगितलं आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसले. माणसं खोळंबली होती.

लंकाबाईनं गॅस बंद केला आणि नाशिकची बस धरली. मी तिची आई, न्यायला आलेय, असं तिनं आश्रमाच्या मॅडमना सांगितलं. मॅडमनी फॉर्म पाहिला. माहेरच्या रकान्यात 'नाही' लिहिलं होतं. त्या आत गेल्या आणि थोड्या वेळानं एकट्याच परत आल्या.

"ती म्हणते, मला आई नाही. पण हे निफाडच्या एका बाईंचं आहे, त्यांना परत द्या."

हिरवा खण होता. न शिवलेला, घडीसुद्धा न मोडलेला. काठाला हळदीची दोन बोटं उमटली होती. लंकाबाईचीच.

भेटायची वेळ संपेपर्यंत ती बाकावर बसून राहिली. आतून कुणी आलं नाही.