कानात सांगितलेली कोंबडी

आता कसं सांगावं तुम्हाला, माझी कायम होणारी नोकरी एका कोंबडीने खाल्ली. हसू नका, आधी ऐका!

पवना नदीवर धरण नव्हतं तेव्हाची गोष्ट. लोणावळ्यात कानाचे एक डॉक्टर होते, मी त्यांचा मदतनीस. त्यांनी सगळं आयुष्य एकाच संशोधनाला वाहिलेलं: कान गेले की मेंदूही गंजतो का? त्यामुळे बाकी कुणाचं काही ऐकायला त्यांना वेळ नसे. मी त्यांची पुस्तकं वाचून वाचून स्वतःला अर्धा डॉक्टर समजत होतो. कुठला अर्धा, ते नंतर कळलं.

"आजची तपासणी एकट्याने करून दाखवा, नोकरी कायम," असं म्हणून डॉक्टरांनी मला तिकोणा पेठ गावात एका मावशींच्या ओसरीवर सोडलं आणि ते दुसऱ्या आळीला गेले.

पद्धत सोपी. माणसाच्या पाठीमागे उभं राहून एकेक शब्द कुजबुजायचा, त्याने तो मोठ्याने परत म्हणायचा.

मी मावशींच्या मागे गेलो. "पाणी."

मावशी उठून आत गेल्या! तांब्या घेऊन आल्या. अरेरे, कान गेले. पाणी मात्र प्यायलो, ऊन होतं.

"भाकरी."

पुन्हा आत! चुलीचा धूर आला. तपासणी सोडून उठून जातात, म्हणजे मेंदूही गेला! डॉक्टरांचा सिद्धांत माझ्या डोळ्यांसमोर सिद्ध होत होता. मला तर बढतीसुद्धा दिसू लागली.

शेवटचा शब्द. "कोंबडी."

मावशी थबकल्या. वळून माझ्याकडे बघितलं आणि परसात गेल्या. पंखांची फडफड, एक किंचाळी, मग शांतता. मी लिहून टाकलं: भ्रमिष्ट, कोंबड्यांमागे धावतात.

दुपारी डॉक्टर आले, तर पुढ्यात रस्सा! आणि डॉक्टर पक्के शाकाहारी.

"मावशी, हे कशाला?"

"तुमच्या मानसानंच मागितलं न्हवं? लय लाजाळू हाय बगा! तोंडावर न्हाई बोलत, मागनं येऊन कानात सांगतो. अंडी देनारी व्हती, पर पाव्हन्याला न्हाई कसं म्हनू?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "शब्द परत म्हणायचा, हे त्यांना सांगितलंत?"

तेवढंच राहिलं होतं की हो!

परत निघालो. डॉक्टर माझ्या मागून चालत होते. मध्येच पाठीमागून अगदी हळू आवाज आला, "राजीनामा."

मी शिस्तीत, मोठ्याने म्हणालो, "राजीनामा!"

"कान उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "आता मावशींनी केलं तसं करा. आणून द्या."