कडा काळ्या का पडल्या

सातपाटीची उत्कर्षा मेहेर फोटो काढायला कुठल्या क्लासात शिकली नाही. सकाळी आईबरोबर बोंबील वाळत घालायचे आणि दुपारी जुना कॅमेरा गळ्यात अडकवून खाडी गाठायची. खाडीत रंगीत पाणी सोडणाऱ्या एका कारखान्याविरुद्ध तिने तक्रार केली होती. पाइपाचं तोंड उघडं पडतं ते फक्त उधाणाच्या दिवसांत, ओहोटी खोल गेली की. अमावास्येला गुडघाभर चिखलात उभी राहून तिने तो फोटो काढला. डाव्या कडेला पाइप, उजव्या कडेला कारखान्याची भिंत.

पालघरला प्रदूषण मंडळाच्या सुनावणीत साहेबांनी फोटो उजेडाला धरला. "मधला चिखल लख्ख आणि दोन्ही कडा काळ्या? ताई, हे कॉम्प्युटरवर केलंय."

"माझ्या फोटोला खोटा म्हनता?" खुर्ची मागे ढकलत उत्कर्षा उठली.

"पुढच्या तारखेला सिद्ध करा. नाहीतर तक्रार बंद."

ती तडक बोईसरला, मेहुलच्या कॅमेरा-दुरुस्तीच्या दुकानात. भिंग त्यानेच दिलेलं. भिंग एका कंपनीचं, कॅमेरा दुसरीचा, म्हणून मध्ये जोडायला अ‍ॅडॉप्टर. भिंगातल्या, उजेड कमीजास्त करणाऱ्या पाकळ्या आपल्याच कंपनीच्या कॅमेऱ्याचं ऐकतात, इथे त्या हलेनात. त्यावर तोडगा म्हणून अ‍ॅडॉप्टरमध्येच, भिंगाच्या मागे, दुसऱ्या पाकळ्या बसवलेल्या. त्या बाहेरची कडी फिरवून मिटायच्या.

"भिंग भंगारात टाक," मेहुल म्हणाला.

"आधी तुझं डोकं टाक. मला बघू दे, कोन दगा देतं ते."

दुसऱ्या दिवशी बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांसमोर तिने कॅमेरा मांडला. बाकी काही न हलवता अ‍ॅडॉप्टरची कडी एकेक खूण फिरवत गेली. मधले बोंबील जवळपास तसेच राहिले, कडेचे अंधारात बुडत गेले. मग कडी पूर्ण उघडून मेहुलकडून आणलेलं दुसरं, जुनं भिंग लावलं. त्याच्या पोटातच पाकळ्या, त्या हाताने मिटायच्या. आता सगळी रांग सारखीच मंदावली. अगदी टोकाचा बोंबीलसुद्धा दिसला.

"चूक माझीच हाय, आये. त्या दिवशी कडी मीच फिरवलेली," ती म्हणाली. हे वाक्य ऐकून आईच्या हातातली टोपली थबकली. उत्कर्षा आणि चूक कबूल?

पौर्णिमेच्या ओहोटीला ती त्याच चिखलात, त्याच जागी, जुनं भिंग लावून उभी राहिली.

सुनावणीत तिने साहेबांच्याच फाइलीतला एक कागद उचलला. "साहेब, ह्या पंचच्या भोकाला डोळा चिकटवून बघा. काय दिसतं?"

"खोली. सगळी."

"आता तेच भोक हातभर लांब धरा."

साहेबांनी धरलं. "नुसतं घड्याळ."

"भोक तेच, जागा बदलली. पाकळ्या भिंगात असल्या तर आख्खी खाडी दिसते. मागे अ‍ॅडॉप्टरात घातल्या, की कडा खातात. हा तो जुना फोटो, हा पौर्णिमेचा. पाइप बघा, भिंत बघा."

साहेब दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाइप आणि भिंत ताडू लागले. मग कारखान्याच्या वकिलाकडे वळले. "पुढच्या उधाणाला पाहणी. मी स्वतः येतो." नवा फोटो त्यांनी फाइलीला लावला, जुना तिच्यासमोर सरकवला.

तिने तो परत त्यांच्याकडे ढकलला. "जुना पन लावा. मागे लिवलंय मी, अ‍ॅडॉप्टर चुकीचा, फोटो खरा. खाली माझी सही हाय." दारात पोचल्यावर ती वळली. "आनि साहेब, बूट घालून येऊ नका. चिखल गुडघाभर हाय."