टोपऱ्यात ठेवलेली पिंड

माझं बाळ तापानं गेलं आणि त्यानंतर माझा उजवा हात वर जाईना. शाळा सातवीतच सुटली, त्यामुळं मला नीट मांडता येणार नाही. जसं घडलं तसं लिहिते.

आम्ही भंडाऱ्याकडचे. नवऱ्याला वाळूजच्या कंपनीत काम लागलं म्हणून संभाजीनगरला आलो. बाळाला इथल्याच मातीत ठेवलं. आमच्यात अशा वेळी बाया जात नाहीत, मला दारातूनच परत फिरवलं. पुढं खांदा धरला तो धरलाच. फोटो काढले, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. माझी तीन वर्षांची पोरगी हात वर करून “आई, घे” म्हणायची, मला उचलता यायचं नाही. मग तिनं मागणंच सोडलं. एक लेकरू गेलं, दुसरंही माझ्यापासून दूर चाललंय, याची धडकी मला रात्रंदिवस असायची. देवापुढं दिवा लावायचे, पण मनातून त्याच्याशी बोलणं बंद होतं.

घरमालकीण मावशी एक दिवस म्हणाली, “रिपोर्टात नाय म्हणून दुखत नाय व्हय? चल, ऊठ. मातीची पट्टी लावणाऱ्या डॉक्टरीणबाई हायेत. काढा कडू असतो म्हणं, पण तुझ्या तोंडाएवढा नसंल.”

त्या निसर्गोपचाराच्या डॉक्टर. सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांनी माझे सगळे कागद पाहिले, खांद्यावर ओली माती ठेवली आणि हळूच विचारलं, “बाळाला कोणत्या खांद्यावर झोपवायचीस?” मी डावा हात त्याच मातीवर ठेवला. पुढं कधीतरी ताईंनी स्वतःचं सांगितलं. कोरोनात त्यांचे वडील गेले, शेवटचं तोंडही दिसलं नाही. मग कितीतरी महिने त्यांची मान वळत नव्हती. लोकांना वाफ द्यायच्या, माती लावायच्या, स्वतःला मात्र गुण नाही. तेव्हा दवाखाना बंद ठेवून त्या पुन्हा शिकायला गेल्या, अंगात धसका कसा बसतो ते. मला म्हणाल्या, “तुझं दुःख मी काढू शकत नाही गं. तुझ्याजवळ बसू शकते.”

श्रावणी सोमवारी मावशीनं घरी मातीच्या पिंडी केल्या. मलाही एक करायला लावली. करता करता वेरूळच्या घृष्णेश्वराची गोष्ट सांगितली. ती बाई रोज पिंडी करून तळ्यात सोडायची, तिचा मेलेला मुलगा देवानं परत दिला. ऐकून मी मनात म्हटलं, तिला दिला, मला का नाही? पूजा झाली. पिंड त्याच दिवशी पाण्यात सोडायची असते. माझ्यानं सोडवेना. बाळाच्या टोपऱ्यात गुंडाळून मी ती पिठाच्या डब्यामागं लपवली.

दोन-चार दिवसांत ती वाळून तडकली. मी घाबरले. मावशीला सांगायची छाती होईना. टोपऱ्यासकट ताईंपुढं ठेवली आणि विचारलं, “ताई, पाप लागंल का?”

ताई उठल्या. घमेल्यात पाणी आणलं आणि माझ्याशेजारी फरशीवर बसल्या. मग मी पिंड दोन्ही हातांनी उचलली आणि पाण्यात धरली. माती बोटांमधून सुटत गेली. बाळाला मातीत ठेवताना मी नव्हते, ते सगळं तेव्हा माझ्या तोंडातून बाहेर पडलं. मी मोठ्यानं रडत होते. पाहिलं तर ताईंचेही डोळे वाहत होते. त्या पुटपुटल्या, “बाबांना मी असं कधी सोडलंच नव्हतं.” ते पाणी आम्ही दोघींनी मिळून जास्वंदीला घातलं.

हात त्याच दिवशी बरा झाला असं मी म्हणणार नाही. माती, शेक, व्यायाम पुढंही चालूच होते, अजून चालू आहेत. पण त्या संध्याकाळी मी जमिनीवर बसून पोरीला हाक मारली. ती जरा थांबली, मग आली आणि दुखऱ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. दुखत होतं. मी तिला हलवलं नाही.

माझा मुलगा देवानं परत दिला नाही. पण परक्या गावात माझ्याशेजारी फरशीवर बसणारं माणूस दिलं, आणि ते त्यानंच धाडलं असं मी मानते. तुझं तुला दिलं, एवढं देवाला म्हणायला मला फार दिवस लागले. अजून रोज सकाळी म्हणते. एखाद्या दिवशी म्हणवत नाही, तेव्हा नुसतेच हात जोडते.