वाल्फ्रेडची बत्तीसची बंदूक

हरणांच्या शिकारीचा हंगाम चार दिवसांवर आला की आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल माझं राहत नाही. त्या सकाळी मी एका कोपऱ्यात पास्ट्यांच्या, म्हणजे शिकारीला न्यायच्या मांस-बटाट्याच्या भाजलेल्या करंज्यांच्या, सारणासाठी सलगम चिरत होते. उरलेल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून माझा नवरा ड्वेन नव्या बंदुकीला तेल देत होता. नवी म्हणजे आमच्या घरात नवी. कालच गावातल्या दुकानातून त्याने ती जुनी घेतली होती. लिव्हरची. चापाखालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की खडक-खट वाजणारी.

"दहा वेळा झालं," मी म्हणाले. "रिकामी आहे, पटलं मला."

"तेल मुरतंय गं."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. आमच्याकडे टकटक कोणी करत नाही. लोक दार ढकलून येतात आणि कॉफी मागतात. हात पुसत गेले, तर दारात लेम्पी कांगस. मागच्या रस्त्यावर एकटी राहणारी, ऐंशी ओलांडलेली. सगळं गाव तिला मुम्मू म्हणतं, म्हणजे आजी. काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

"मुम्मू, तू कधीपासून टकटक करायला लागलीस?"

"आत बंदूक वाजत होती. मधेच कसं यायचं?"

पायरीवरच्या तिच्या पावलांच्या खुणा नव्या बर्फाने भरत आल्या होत्या. बराच वेळ उभी होती म्हणजे.

ती बसली. कॉफी पुढे ठेवली, पण नजर टॉवेलवर. बंदूक तिच्या नवऱ्याची, वाल्फ्रेडची. तो जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा दूर वाळवंटातल्या शहरात, त्याला टीव्हीवर हरिण मेलं तरी जेवण जात नाही. म्हणून वसंतात तिने ती दुकानात देऊन टाकली होती.

तिने काडतुसांचं खोकं बोटाने फिरवलं. "ही कुणाची?"

"हिचीच," ड्वेन म्हणाला. "तीस-तीस मापाची. सगळ्या गावाच्या बंदुकांना हीच लागतात."

"गावाच्या लागत असतील. नळीवर वाच."

ड्वेनने चिंधीने नळी पुसली, खिडकीशी तिरकी धरली. त्याचे कान लाल झाले. "बत्तीस."

"दुकानदाराने वाचलं नाही, तू वाचलं नाहीस. शाळेत दोघंही गेला होतात ना?"

"पण ती आत बसली असती मुम्मू!"

"बसतात, म्हणून तर माणसं फसतात. उडतातही, फक्त हरणाच्या बाजूला नाही."

मी हसले, तसा ड्वेनही हसला. तिने डबा उघडला. आत बत्तीसची दोन खोकी. "बोथट टोकाचीच घे नेहमी. हिच्या पोटात ती एकामागे एक झोपतात. टोकदार घातलीस तर मागचं पुढच्याच्या बुडाला टोचेल आणि ते आतच उडेल."

"तुला बरं माहीत!"

"यीस्ट आणायला गावात मी जायचे, तेव्हा काडतुसंही मीच आणायचे. जंगलातल्या खोपीवर मात्र कधी नेलं नाही मेल्याने. तिथे बायकांचं काम नाही म्हणे. बायकांच्या पास्ट्यांचं होतं."

ड्वेनने हळूच विचारलं, "मुम्मू, परत हवीय का तुला? ने खुशाल."

"काय करू नेऊन? दीड वर्ष भिंतीवर गप्प टांगलेली होती, ते बघवेना म्हणून तर दिली." तिने वाकडी झालेली बोटं टेबलावर पसरली. "एकदा ओढून पाहिली. आवाज अर्धाच आला."

कॉफी निवली होती. तिने तशीच प्यायली.

"हंगामाच्या पहिल्या दिवशी, पंधरा तारखेला, पहाटे पाचला निघायचा तो. मागच्या दारात उभा राहून तीनदा ओढायचा, रिकामी आहे ना बघायला. मी पांघरुणातून ओरडायचे, 'उठवलंस!' तो म्हणायचा, 'झोप, कॉफी ठेवलीय.' एक्कावन्न वर्षं." मग ती ड्वेनकडे वळली. "तू पंधराला माझ्याच घरामागून जाशील ना?"

"हो. वाट तीच आहे."

"मग मागच्या दाराशी जरा थांब. रिकामीच तीनदा ओढ आणि जा. हाक मारू नकोस, आत येऊ नकोस. मी जागी असेन."